सटवाईचा लेख आणि दोरा कापणारीचे औषध

पोळा झाला, कपाशीला पातेफुले लागली की आपल्या खान्देशात फवारणीचे पंप पाठीवर चढतात आणि आमच्या दवाखान्यांत एक ओळखीचा उग्र वास येऊ लागतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून एका तरुण शेतकऱ्याला माझ्याकडे आणले. सकाळपासून तो वाऱ्याच्या तोंडावर फवारत होता. पंप गळका, पाठीवरचा सदरा ओलाचिंब. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, छातीत घरघर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दारात उभी असलेली त्याची आई कपाळाला हात लावून म्हणाली, “सटवाईनी लिखेल शे, ते काय टळाव नही.”

मी त्या वेळी ॲट्रोपीनच्या कुप्या फोडत होतो. गंमत अशी, की त्या माउलीचे वाक्य आणि माझ्या हातातल्या औषधाचे नाव, दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच आहे.

आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर सटवाई येऊन कपाळावर लेख लिहून जाते, अशी समजूत आहे. प्राचीन ग्रीक लोकांनी हे काम तीन बहिणींवर सोपवले होते. क्लोथो आयुष्याचा दोरा कातते, लॅकेसिस तो मापते आणि ॲट्रोपॉस कात्रीने कापते. ‘ॲट्रोपॉस’ म्हणजे जिला मागे वळवता येत नाही ती, अटळ. युरोपात बेलाडोना नावाचे एक झुडूप आहे. त्याची काळी चकचकीत फळे खाऊन माणसे दगावत. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५३ साली झाडांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा या झुडपाला दोरा कापणारीचेच नाव मिळाले: ‘ॲट्रोपा बेलाडोना’. बेलाडोना म्हणजे सुंदर स्त्री. त्याचा रस डोळ्यात घातला की बाहुल्या मोठ्या होतात, आणि इटलीतल्या स्त्रिया सौंदर्यासाठी तसे करीत, असे सांगतात. पुढे १८३० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीत या झाडातले मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले. तेच ॲट्रोपीन.

हे द्रव्य आपल्याला परके नाही. महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यात ते आणि त्याची भावंडे असतात. धोतऱ्याचे बी पोटात गेलेले मूल तोंड कोरडे पडून, अंग तापून, बाहुल्या विस्फारून बरळू लागते, ते यामुळेच. लहान मुलांचा चष्म्याचा नंबर काढण्यापूर्वी बाहुली मोठी करायला डोळ्यांचे डॉक्टर कधी कधी ॲट्रोपीनच घालतात.

मग हे विष विषबाधेत कसे उपयोगी पडते? आपल्या मज्जातंतूंचा निरोप ग्रंथींपर्यंत आणि स्नायूंपर्यंत पोचवणारे एक द्रव्य शरीरात असते. निरोप पोचला की एक एन्झाइम ते लगेच मोडून टाकते. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशके त्या एन्झाइमलाच निकामी करतात. शेताला पाणी देताना बारे मोडणारा माणूसच बेशुद्ध पडावा आणि वाफा तुडुंब भरून वाहू लागावा, तसे होते. घाम, लाळ थांबत नाही, छाती पाण्याने भरते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. ॲट्रोपीन त्या वाफ्याच्या तोंडाशी बांध घालते. छाती मोकळी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा, वाढवत द्यावे लागते. गंभीर रोग्याला पहिल्याच दिवशी शंभराहून अधिक कुप्या लागू शकतात. विशेष म्हणजे ही कीटकनाशके विसाव्या शतकात, १९३० नंतर निघाली. उतारा मात्र शंभर वर्षे आधीच तयार होता!

पण उतारा असूनही माणसे जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. म्हणून पुढील गोष्टी घरात सर्वांना सांगून ठेवा.

फवारताना चक्कर, मळमळ, घाम किंवा अंधुक दिसणे सुरू झाले की काम तिथेच थांबवा. रोग्याचे कपडे काढून अंग, केस, नखे साबणाने भरपूर पाण्यात धुवा. धुणाऱ्याने हातात रबरी मोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. औषध पोटात गेले असल्यास मिठाचे पाणी, ताक, दूध पाजून उलटी करवू नका. ती फुप्फुसात जाऊ शकते. डाव्या कुशीवर झोपवून १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा लेबलसह बरोबर आणा. सर्वच कीटकनाशकांवर ॲट्रोपीन चालत नाही, म्हणून नाव कळणे फार महत्त्वाचे.

दवाखान्यात आणखी एक गोष्ट घडते. भरपूर ॲट्रोपीन दिल्यावर रोगी बरळतो, हवेत हात मारतो, चादर ओढतो. ‘बाहेरचे काही लागले’ म्हणून नातेवाईक त्याला उचलून भगताकडे नेऊ पाहतात. तो औषधाचाच परिणाम असतो. डॉक्टर मात्रा कमी करून तो आटोक्यात आणतात. दुसरी चूक म्हणजे रोगी शुद्धीवर आला की हट्टाने घरी नेणे. एक ते चार दिवसांच्या आत मानेचे आणि श्वासाचे स्नायू एकाएकी लुळे पडू शकतात. त्यावर ॲट्रोपीनचा इलाज नाही, कृत्रिम श्वासाचे यंत्रच लागते.

आणि ज्या घरात कर्जाची, भांडणाची चिंता आहे, तिथे औषधाचे डबे कुलपात ठेवा. रागाचा, निराशेचा तो एक प्रहर टळला तर जीव वाचतो. मन मोकळे करायला १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते.

त्या तरुणाला आम्ही ॲट्रोपीन सुरू करून धुळ्याला पाठवले. तिथे चार दिवस यंत्रावर काढून तो वाचला. पुढल्या हंगामात आई त्याला घेऊन मुद्दाम भेटायला आली. म्हणाली, सटवाईने चांगलेच लिहिले होते म्हणायचे. मी म्हटले, “मायबाई, सटवाईचा लेख काही मला वाचता येत नाही. तुमच्या शेजाऱ्याने डबा बरोबर आणला होता, त्यावरचे लेबल तेवढे मी वाचले.”