ना संसार, ना तलाक

तलाकचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, मुसलमानांत तलाक म्हणजे पोरखेळ. आपले म्हणतात, आपल्यात तलाक होतातच कुठे, हा सगळा बदनामीचा डाव. जनगणनेचे तक्ते उघडून पाहावेत असे दोघांनाही वाटत नाही. २०११ चे आकडे जुने झाले हे खरे. पण त्यानंतर माणसांची मोजणी झालीच नाही. २०२१ ची करोनाने लांबली आणि आता ती २०२७ वर गेली आहे. तेव्हा आहे त्या आकड्यांवरच बोलू.

कधी ना कधी लग्न झालेल्या दर हजार मुस्लिम बायकांत तलाक झालेल्या साधारण पाच निघाल्या. हिंदू बायकांत घटस्फोटितांचे प्रमाण हजारी दोनाच्या थोडे वर. म्हणजे आपल्यात ते दुपटीहून जास्त आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हजारात पाच म्हणजे घरोघरी तलाक, असेही नव्हे. खरी नजर जायला हवी ती शेजारच्या रकान्यावर. त्याचे नाव ‘विभक्त’. तिथे मुस्लिम आणि हिंदू बायकांचे प्रमाण जवळपास सारखेच आहे, हजारी सातच्या घरात. देशभरात अशा बायका सुमारे २३ लाख. त्यांत जवळपास २० लाख हिंदू आणि साधारण २ लाख ८० हजार मुस्लिम. तलाक झालेल्या मुस्लिम बायका होत्या २ लाख १२ हजार. ज्यांच्या नावाने संसद गाजली त्यांच्यापेक्षा, ज्यांचे नावही कोणी काढले नाही त्या संख्येने जास्त आहेत.

जनगणनेचे काम बहुतेक आम्हा शिक्षकांच्याच वाट्याला येते, त्यामुळे हे रकाने कसे भरतात ते आम्हाला ठाऊक आहे. २००१ मध्ये घटस्फोटित आणि विभक्त मिळून एकच रकाना होता. २०११ मध्ये ते वेगळे केले, म्हणून तर हा फरक कळला. कोर्टाचा हुकूम असो की समाजाच्या रीतीप्रमाणे झालेला तलाक, दोन्ही ‘घटस्फोटित’ मध्ये मोजतात. कागद दाखवा असे विचारायचे नसते, सांगितले ते लिहायचे. जोडीदारापासून वेगळे राहतात आणि पुन्हा एकत्र येण्याचा इरादा दिसत नाही, ते ‘विभक्त’. आणि ज्याने पुन्हा लग्न केले तो सरळ ‘विवाहित’. आता हे पाहा : तलाक झालेल्या मुस्लिम बायका २ लाख १२ हजार, आणि पुरुष साधारण साडेसत्तावन्न हजार. एका तलाकात बाई एक आणि पुरुषही एकच असतो. मग बाकीचे पुरुष गेले कुठे? ते दुसरा निकाह करून ‘विवाहित’ च्या रकान्यात जाऊन बसले. बाई मात्र आपल्या रकान्यातच राहिली.

नागपुरात मोमिनपुरा, हसनबाग, यशोधरानगर किंवा ताजबागच्या आसपासच्या कुठल्याही गल्लीत अशी एखादी बाई सापडते. बाळंतपणाला माहेरी आली आणि न्यायला कोणी आलेच नाही. नवरा ना तलाक देतो, ना खर्च. फोन उचलत नाही, पुढे नंबरच बदलतो. मग भावाच्या घरात एक कोपरा, एक शिलाई मशीन, साड्यांना फॉल-पिको, आणि वहिनीच्या मूडवर दिवस. शाळेत मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हटला की वडिलांची कागदपत्रे मागतात. ती आणायची कुठून? ‘लाडकी बहीण’ च्या अर्जासाठी मदत मागायला आलेल्या आयांना आम्ही विचारत होतो, ‘विवाहित लिहू, घटस्फोटित लिहू की परित्यक्ता?’ एक जण बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘सर, जो अच्छा लगे वो लिख दो.’

या अवस्थेला आपल्याकडे शब्द नाही असे नाही. सूरह निसाच्या १२९ व्या आयतीत अशा बाईसाठी ‘मुअल्लका’ असा शब्द आला आहे, म्हणजे अधांतरी लटकवून ठेवलेली, आणि तसे करू नका असा स्पष्ट हुकूम आहे. जुम्याच्या बयानात आम्ही तलाकवर पुष्कळदा ऐकले, या आयतीवर फार क्वचित.

नवरे असे का करतात, याचे उत्तर अवघड नाही. तलाक दिला की बाकी राहिलेला मेहर द्यावा लागतो, इद्दतचा खर्च येतो, दहेजचे सामान परत मागितले जाते. काहीच न केले तर काहीच द्यावे लागत नाही. त्यात २०१९ चा कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, ते चांगलेच झाले; ज्याला आपले उलेमाच बिद्दत म्हणतात त्याचे दुःख कसले? पण पुढच्या कायद्याने तो शब्द उच्चारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, आणि एकही शब्द न उच्चारता बायकोला सोडून देणाऱ्याला हातही लावला नाही. आमच्या पाहण्यातले काही नवरे आता उघड सांगतात, ‘मैंने तलाक दिया ही कहाँ?’

मग या बाईने करायचे काय? तिच्या हातात एक कायदा आहे, तो ८० वर्षांहून जुना आहे आणि आपल्या घरांत त्याची माहिती जवळपास नाही. मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९. त्याची कथा वाचण्यासारखी आहे. हनफी फिकहप्रमाणे बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला जवळजवळ हयातभर थांबावे लागे. पंजाबात काही बायका केवळ अशा निकाहातून सुटण्यासाठी इस्लाम सोडू लागल्या, तेव्हा उलेमा हादरले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन नाजिजा’ लिहून मालिकी फिकहचा मार्ग खुला केला, आणि त्या आधारावर केंद्रीय विधिमंडळात मुहम्मद अहमद काझमी यांनी विधेयक आणले. म्हणजे हा कायदा बाहेरून लादलेला नाही, उलेमांच्या संमतीने झालेला आहे.

नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नसेल, त्याने दोन वर्षे खर्च दिला नसेल, वाजवी कारणाशिवाय तीन वर्षे संसाराची जबाबदारी टाळली असेल, त्याला सात वर्षे किंवा जास्त कैद झाली असेल, तो जुलूम करत असेल, तर बायको न्यायालयातून निकाह तोडून घेऊ शकते. नवऱ्याच्या तोंडून शब्द निघायची वाट पाहावी लागत नाही. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची : या मार्गाने निकाह तुटला तरी मेहरवरचा हक्क जात नाही, कलम ५ तसे सांगते. खुला घेताना बहुतेक वेळा मेहर सोडावा लागतो, म्हणून घाईने ‘खुला ले लो’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी जरा थांबावे.

मेहरवरून आठवले. रोख द्यायचा तो मुअज्जल आणि बाकी ठेवायचा तो मुवज्जल. उर्दूत एकात ऐन आहे, दुसऱ्यात हमजा. कानाला फरक कळणे कठीणच. निकाहनाम्यावर सही करणाऱ्या मुलीला कोणी समजावतही नाही. दहावी-बारावीच्या मुलींना आम्ही हे दोन शब्द फळ्यावर लिहून दाखवतो. व्याकरणाच्या तासाला ते चालून जाते.

निकाहाच्या वेळीच थोडी खबरदारी घेतली तर पुढचे पुष्कळ टळते. पाकिस्तानच्या निकाहनाम्यात अठरावा रकानाच असतो, नवऱ्याने बायकोला तलाकचा अधिकार दिला आहे का. तिथेही तो बऱ्याचदा न विचारताच कापून टाकतात, हे वेगळे. मलेशियात खर्च न देणाऱ्या नवऱ्याविरुद्धची अट निकाहाच्या वेळीच लिहून घेतात. आपल्याकडेही तलाक-ए-तफवीजची अट निकाहनाम्यात घालता येते आणि न्यायालयांनी अशा अटी मान्य केल्या आहेत. लग्न ठरवताना हॉल, बिर्याणी आणि फर्निचर यांवर आठ बैठका होतात. नववी बैठक या एका ओळीसाठी घ्यायला हरकत नसावी. मुलाकडचे नाराज होतील, ही भीती आम्ही ऐकली आहे. एका ओळीवरून जे नाराज होतात, ते कोण आहेत हे निकाहाआधीच कळलेले बरे.

ज्यांचे आधीच अडले आहे, त्यांच्यासाठी. पोटगी मागायला तलाक होण्याची वाट पाहू नका. सोडून दिलेल्या बायकोलाही ती मिळते. जुने कलम १२५ आता नव्या संहितेत १४४ झाले आहे, आणि तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही ते लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ ला सांगितले. पोटगीचा दावा लागला की काही नवरे ‘मी तर केव्हाच तलाक दिला’ असे लिहून देतात. तेवढ्याने तलाक होत नाही. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दगडू पठाण खटल्यात आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात ठरवले आहे की तलाकला वाजवी कारण हवे, आधी समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि हे सगळे नवऱ्याने सिद्ध करायचे.

नागपुरात हे दावे कौटुंबिक न्यायालयात चालतात. वकिलाच्या फीला घाबरून बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. जाताना निकाहनामा, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि वेगळे राहू लागल्याची साधारण तारीख लिहून न्या. निकाहनामा सासरीच राहिला असेल तर ज्या काझीसाहेबांनी निकाह पढवला त्यांच्या रजिस्टरमधून नक्कल मागा. एकटीने जायला अवघड वाटले, तर मुलांच्या शाळेतल्या एखाद्या बाईंना सोबत न्या. आमच्यातल्या बऱ्याच जणी याआधीही गेल्या आहेत.