औषधास न जुमानणारे रोगजंतू आणि कडू करांदा

दुभत्या गाईची कास सुजली, हात लावू देईना, सडातून दुधाबरोबर गाठी येऊ लागल्या, म्हणजे दगडीचा रोग जडला हे शेतकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. पूर्वी अशा गाईच्या सडात पेनिसिलीनची नळी सोडली की दोन-तीन दिवसांत कास मऊ पडत असे. आता तीच नळी तितकेच दिवस सोडूनही पुष्कळदा गुण येत नाही. "औषधात पूर्वीचा कस राहिला नाही," असे शेतकरी म्हणतो. वास्तविक औषधाचा कस बहुधा कमी झालेला नसतो; बदललेला असतो तो रोगजंतू. हा बदल कसा घडतो, तो परतविता येईल काय, आणि आपल्या सह्याद्रीत उगवणाऱ्या एका वेलीचा त्याच्याशी काय संबंध आहे, ह्याची माहिती ग्रामसेवकांना व शेतकऱ्यांना असणे जरूर आहे.

पेनिसिलीन आणि पुणे

पेनिसिलीनचा शोध १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी लावला. भारतात ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले ते पुण्याजवळ पिंपरी येथे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने तेथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून पेनिसिलीन बाहेर पडू लागले. अशा औषधांना प्रतिजैविके म्हणतात. त्यांच्यामुळे माणसांचे व जनावरांचे कितीतरी रोग आटोक्यात आले.

तथापि फ्लेमिंग ह्यांनीच १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात धोक्याची सूचना दिली होती. औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर रोगजंतू मरत नाहीत, उलट ते औषधास सरावतात, असे त्यांनी सांगितले होते. त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले.

रोगजंतू निर्ढावतात कसे?

हराळी माजलेल्या शेताचे उदाहरण घ्यावे. वरवर खुरपणी केली तर उथळ मुळांचे तण निघून जाते आणि खोल मुळांची हराळी तेवढी शिल्लक राहते. तिला आता सगळे शेत मोकळे मिळते व पुढील हंगामात ती पूर्वीपेक्षा अधिक दाट फुटते. जनावराच्या शरीरातील कोट्यवधी जंतूंतही असेच घडते. त्यांत काही मोजके जंतू जात्याच औषधास पुरून उरणारे असतात. औषध अर्धवट दिले, किंवा बरे वाटताच मध्येच सोडले, तर नाजूक जंतू मरतात आणि चिवट जंतूंचीच पैदास वाढते.

जंतूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते व ती अधिक चिंतेची आहे. औषध निकामी करण्याची शक्ती पुष्कळ वेळा जंतूच्या पेशीतील एका लहानशा वर्तुळाकार धाग्यावर साठविलेली असते. ह्या धाग्यास प्लाझ्मिड म्हणतात. चांगले बियाणे जसे एक शेतकरी बांधावरून दुसऱ्यास देतो, तशी प्लाझ्मिडची प्रत एक जंतू शेजारच्या जंतूस देतो. घेणारा जंतू त्याच जातीचा असला पाहिजे असेही नाही. जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात रक्ती आवेचे असे जंतू आढळले की, ज्यांच्यावर एकाच वेळी चार औषधे चालत नव्हती. आतड्यातील एरवी निरुपद्रवी असलेल्या जंतूंकडूनही ही शक्ती त्यांना मिळू शकते, असे तेथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

गोठ्याच्या दृष्टीने ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. जनावराच्या शेणात, धार काढणाऱ्याच्या हातावर, घरातील माणसांच्या पोटात जंतूंची सारखी देवघेव चालू असते. गाईला कारण नसता दिलेल्या औषधामुळे निर्ढावलेला जंतू ती शक्ती उद्या घरातील मुलाच्या आजाराच्या जंतूस देऊ शकतो. म्हणून हा प्रश्न केवळ पशुवैद्याचा नाही.

पुण्यातील प्रयोग

जंतूजवळील हे प्लाझ्मिड काढून घेता आले, तर जुनेच औषध त्याच्यावर पुन्हा चालू लागेल, असा विचार शास्त्रज्ञांनी केला. असे करू शकणारी काही रसायने माहीत होती. परंतु त्यांतील पुष्कळशी शरीरास घातक आहेत. तेव्हा वनस्पतींकडे लक्ष वळले. पुणे विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, आघारकर संशोधन संस्था इत्यादी पुण्यातील संस्थांतील शास्त्रज्ञांनी ह्या दिशेने केलेले काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एमएसीएस ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गहू व सोयाबीनच्या जातींमुळे आघारकर संस्था शेतकऱ्यांस परिचित आहेच.

ह्या प्रयोगासाठी निवडलेली वनस्पती म्हणजे कडू करांदा. ह्यासच डुक्करकंद म्हणतात. पावसाळ्यात झाडाझुडपांवर चढणारी ही वेल असून तिची पाने हृदयाच्या आकाराची असतात व पानांच्या बेचक्यांत बटाट्यासारखे खडबडीत कंद लागतात. करांद्याच्या कंदातून शास्त्रज्ञांनी एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. त्याचे रासायनिक नाव ८-एपिडायोसबल्बिन ई ॲसिटेट असे आहे. रुग्णांपासून मिळविलेल्या व अनेक औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंवर त्यांनी ते वापरून पाहिले.

तेव्हा असे आढळून आले की, ह्या द्रव्याच्या सान्निध्यात वाढलेल्या जंतूंपैकी काहींनी आपले प्लाझ्मिड गमावले होते. जंतूंच्या जातीप्रमाणे हे प्रमाण शेकडा १२ पासून ४८ पर्यंत होते. प्लाझ्मिड गेलेल्या जंतूंवर पूर्वी निरुपयोगी ठरलेली प्रतिजैविके कमी मात्रेत चालू लागली. पुढे २०१० मध्ये ह्याच गटाने मुरुडशेंगेवर केलेले अशाच प्रकारचे काम प्रसिद्ध झाले.

करांद्याच्या द्रव्याचे हे काम जंतूस मारण्याचे नसून त्याच्या हातातील ढाल काढून घेण्याचे आहे. अन्य वनस्पतींतही ही युक्ती दिसते. काही जंतू आत शिरलेले औषध पंपाने विहिरीतील पाणी उपसावे तसे बाहेर टाकतात. दारुहळदीच्या वर्गातील झुडपांत बर्बेरीन नावाचे जंतुनाशक द्रव्य असते. परंतु जंतू ते असेच उपसून टाकतात. अशा काही झुडपांत हा पंप बंद पाडणारे दुसरे द्रव्यही असते, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखविले. आपल्या स्वयंपाकघरातील मिऱ्यांमध्ये असणारे पायपरीन हे द्रव्यही दगडीस कारण होणाऱ्या एका प्रमुख जंतूचा पंप रोखते, असे जम्मू येथील प्रयोगशाळेत २००६ मध्ये आढळले. सारांश, वनस्पतीतील अशी द्रव्ये प्रतिजैविकाची जागा घेत नाहीत, तर त्याची बोथट झालेली धार पुन्हा आणतात.

कंद उगाळून देऊ नये

ही माहिती वाचून कोणी करांदा उगाळून आजारी गाईस पाजण्याचा किंवा स्वतः घेण्याचा विचार करील, तर ती मोठी चूक होईल. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की, हा प्रयोग काचपात्रातील जंतूंवर झालेला आहे, गाईच्या कासेतील रोगावर नाही. काचपात्रात द्रव्याची मात्रा ठरविता येते. पोटातून दिलेल्या द्रव्यापैकी किती भाग कासेपर्यंत पोचेल, हे त्यावरून सांगता येत नाही.

दुसरे कारण, शेकडा ४८ जंतूंनी प्लाझ्मिड गमावले म्हणजे उरलेल्या ५२ जंतूंजवळ ते शिल्लक राहिले. हे उरलेले जंतू पुन्हा शेजाऱ्यांस त्याची प्रत देऊ शकतात. म्हणून असे द्रव्य योग्य प्रतिजैविकाच्या जोडीनेच व शास्त्रीय मात्रेतच उपयोगी पडेल.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रयोगात वापरलेले शुद्ध द्रव्य माणसाच्या काही पेशींवर काचपात्रात तपासले असता त्यांस अपायकारक आढळले नाही. परंतु कच्च्या कंदात ह्याच कुळातील दुसरी द्रव्ये असतात व त्यांतील काही यकृतास घातक आहेत. ह्या कंदापासून केलेल्या चिनी औषधाने माणसांच्या यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. डोंगरातील लोक कडू कंद उगाच उकळून, पाण्यात ठेवून, त्यांचा कडूपणा पुरता काढल्याशिवाय खात नाहीत. त्यांचा हा अनुभव विसरून चालणार नाही.

आज गोठ्यात काय करता येईल?

प्रयोगशाळेतील द्रव्याचे औषध होण्यास वर्षे लागतात. तोपर्यंत हाताशी असलेल्या औषधांची धार टिकविणे शेतकऱ्याच्या हाती आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. धार काढण्यापूर्वी व नंतर हात आणि सड स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेऊन गाठी दिसतात काय ते रोज पाहावे. त्या धारा जमिनीवर सोडू नयेत. दगडी झालेल्या गाईची धार सर्वांत शेवटी काढावी.

२. दूध पिळून झाल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते. तेवढ्यात गाय शेणात बसू नये म्हणून तिच्यापुढे वैरण टाकावी.

३. कास नुकतीच सुजली असून गाय खातपीत असेल, तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचविलेला लेप लावून पाहावा. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व खाण्याचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटावे म्हणजे तांबूस लगदा तयार होतो. दूध पूर्ण काढून कास धुवावी. मूठभर लगदा पाण्यात पातळ करून सर्व कासेवर बाहेरून लावावा. दिवसातून सुमारे दहा वेळा, ह्याप्रमाणे पाच दिवस लेप द्यावा व लगदा रोज ताजा करावा. सडाच्या आत मात्र काहीही घालू नये.

४. गाईस ताप आला, तिने चारा सोडला, दुधात रक्त किंवा पू दिसला, अथवा एक-दोन दिवसांत उतार पडला नाही, तर लेपावर विसंबून न राहता पशुवैद्यास बोलवावे. शक्य असेल तेथे औषध सुरू करण्यापूर्वी दुधाचा नमुना तपासून कोणते औषध लागू पडेल ते ठरवून घ्यावे.

५. पशुवैद्याने जितके दिवस औषध सांगितले असेल तितके दिवस ते पुरे करावे. उरलेली नळी शेजाऱ्यास देऊ नये, तसेच शेजाऱ्याची नळी आपल्या गाईस वापरू नये.

६. औषध चालू असताना व त्यानंतर वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत त्या गाईचे दूध डेअरीस घालू नये किंवा घरात वापरू नये. मुदत दिलेली नसेल तर दुधासाठी निदान सात दिवस पाळावेत, असा नियम आहे. असे दूध वासरासही पाजू नये, कारण वासराच्या आतड्यातील जंतू त्यामुळेच निर्ढावतात.

७. कोंबड्यांच्या किंवा जनावरांच्या वाढीसाठी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळू नयेत. कोलिस्टीन हे माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखून ठेवलेले औषध आहे. खाद्योपयोगी जनावरे, कोंबड्या व मत्स्यपालन ह्यांसाठी त्याची निर्मिती, विक्री व वाटप करण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

ग्रामसेवकांचे कार्य

गावातील दूध संकलन केंद्रावर सकाळी सर्व गोपालक एकत्र येतात. फडक्यावर धार तपासण्याची रीत व लेप करण्याची कृती तेथे प्रत्यक्ष करून दाखविणे हे व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडेल. औषध कोणत्या दिवशी सुरू केले, कोणत्या दिवशी संपले व दूध कधीपर्यंत बाजूस ठेवावयाचे, ह्या तीन तारखा गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिण्याची सवय लावावी.

बांधावरची वेल निरुपयोगी म्हणून तोडण्यापूर्वीही विचार व्हावयास पाहिजे. ज्या करांद्याकडे बहुतेकांनी रानडुकरांचे खाद्य म्हणून पाहिले, त्यातच पुण्याच्या शास्त्रज्ञांना जंतूंची ढाल काढून घेणारे द्रव्य सापडले. परंतु ते द्रव्य उद्या औषध म्हणून हाती आले तरी ते प्रतिजैविकाच्या जोडीनेच वापरावे लागेल. तोवर ती प्रतिजैविकेच अर्धवट वापराने निकामी झाली, तर त्या जोडीचा उपयोग राहणार नाही. म्हणून वेल राखावी, कंद शास्त्रज्ञांवर सोपवावा, आणि गाईला सुरू केलेले औषध नेमून दिलेल्या दिवसांपर्यंत पुरे करावे.