आधी पेपर की आधी पेटंट?

मागच्या वर्षी एका परिषदेसाठी मी पोस्टर तयार केलं होतं. पेरणी यंत्रात बी सोडणारी जी चकती असते, तिच्यात केलेला एक छोटा बदल, मोजमापं, फोटो, सगळं त्यात होतं. गाईडनी एकच विचारलं, "अर्ज केलाय का?" मी गप्प. पोस्टर गुंडाळून पिंगळीला घरी आणलं. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, थोडक्यात वाचलो.

कारण समजायला हळदीची गोष्ट आठवा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. आपल्या घरोघरी हे माहीत आहे, एवढं सांगून भागलं नाही. जुने ग्रंथ, छापील लेख असे लेखी पुरावे द्यावे लागले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. म्हणजे जे आधीच जाहीर आहे, त्याचं पेटंट मिळत नाही.

हाच नियम आपल्यालाही लागतो! तुमचा स्वतःचा पेपर, पोस्टर किंवा ऑनलाइन टाकलेला प्रबंध तुमच्याच अर्जाविरुद्ध पुरावा ठरू शकतो. कायद्यात मोजक्या सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. मग पेपर थांबवायचा का? नाही. आधी तात्पुरता अर्ज करा. तिथून १२ महिन्यांत संपूर्ण अर्ज द्यायचा असतो. त्यात जे नीट लिहिलंय, ते मग बिनधास्त छापा. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे.

वाणांचं गणित वेगळं. भारतात बियाण्यावर किंवा वाणावर पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यात पैदासकाराला हक्क मिळतो, आणि शेतकऱ्यालाही घरचं बियाणं राखायचा, पेरायचा, ब्रँड न लावता विकायचा हक्क राहतो.

पण कागद मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचा नांदेड-४४ हा संकरित कापूस एकेकाळी गाजला. पुढे शेतकरी बीटीकडे वळले, तो मागे पडला. नंतर त्याचं बीटी रूप बाजारात आणायला विद्यापीठाने महाबीजला सोबत घेतलं. संशोधन आपलं असलं तरी भरपूर माल तयार करून गावोगावी पोचवणारा लागतोच. त्याला परवाना देताना मालकी आपल्याकडे राहते आणि रॉयल्टी ठरवता येते. हक्क विकून टाकला तर मालकीच जाते. सही करण्याआधी हा फरक नक्की बघा.

आणि पीएचडीच्या पहिल्याच महिन्यात संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण वाचून ठेवा. शोध तुमचा असला, तरी मालकी बहुधा संस्थेची असते. प्रयोगवहीत रोजची तारीख टाका, गाईडची सही घ्या. माझं पोस्टर अजून कपाटावरच आहे. अर्ज गेला की लावेन.