धरण पाडायचं, तर गाळाची संमती कोण देणार?

(जालना एमआयडीसीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

जालना एमआयडीसीत 'कन्सेंट' म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. कारखाना उभा करायच्या आधी एक संमती, तो चालवायला दुसरी. दोन्ही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यायच्या. सांडपाणी किती, जाणार कुठं, पीएच किती, बीओडी किती, सगळं त्या कागदावर असतं. मुदत संपत आली की पुन्हा धावपळ. इथल्या रोलिंग मिलवाल्यांना हे आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग आज एक प्रश्न घेऊ. कारखान्याच्या पाइपातून येणाऱ्या पाण्याला संमती लागते. समजा, उद्या एखादं जुनं जलविद्युत धरण पाडायचं ठरलं. भिंतीमागं पन्नास-शंभर वर्षांचा गाळ साठलेला आहे. भिंत काढली की तो नदीत उतरणार. खालच्या गावांच्या विहिरी, पाणीयोजनांचे पंप, नदीतले मासे, सगळं त्याच्या वाटेत. या गाळाला संमती कोण देणार? आणि देताना काय तपासणार?

आधी एक स्पष्ट करू. जायकवाडी पाडा असं इथं कुणी म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. जालना शहर ज्या पाण्यावर जगतं, ते पैठणहून येतं. जायकवाडीवर वीजघर आहे, पण ते १२ मेगावॉटचं. धरण बांधलं ते मुख्यतः सिंचनासाठी. पण राज्यात निव्वळ विजेसाठी बांधलेली धरणंही आहेत. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. त्याला पाणी देणारे लोणावळा-वळवणचे बंधारे त्याच काळातले, म्हणजे शंभरी ओलांडलेले. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो १९२१ साली. ही बांधकामं कायमची नाहीत. कधीतरी एखाद्याचं काय करायचं हा प्रश्न समोर येणारच, आणि तेव्हा उत्तर शोधायला बसलो तर उशीर झालेला असेल.

जिथं हा प्रश्न प्रत्यक्ष आला, तिथलं आधी बघू. अमेरिकेत ऑरेगन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांतून क्लॅमथ नावाची नदी वाहते. तिच्यावर विजेची चार धरणं होती: जे. सी. बॉइल, कोप्को एक, कोप्को दोन आणि आयर्न गेट. सगळ्यात जुनं कोप्को एक, १९१८ सालचं. मालकी पॅसिफिकॉर्प या वीजकंपनीची. धरणांमुळं सामन माशांची वरच्या अंगाला जायची वाट बंद झाली. उन्हाळ्यात जलाशयात पाणी तापायचं आणि विषारी निळं-हिरवं शेवाळ माजायचं. सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या खालच्या टप्प्यात किमान चौतीस हजार मासे मेले. नदीकाठच्या युरोक, कारुक या आदिवासी समाजांचं जगणंच त्या माशांवर. त्यांनी धरणं काढा ही मागणी लावून धरली.

आता कायदा बघू, कारण खरी मेख तिथं आहे. अमेरिकेत जलविद्युत धरणाचा परवाना केंद्र सरकारचा आयोग देतो, आणि तो सोडून द्यायला म्हणजे धरण काढायलाही त्याचीच मंजुरी लागते. पण १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात एक कलम आहे, ४०१ क्रमांकाचं. ते म्हणतं, ज्या कामातून नदीत विसर्ग होऊ शकतो, अशा कामाला केंद्रानं परवानगी देण्याआधी त्या राज्याचं पाणी-गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं. राज्य नाही म्हणालं, तर केंद्राला परवानगी देता येत नाही. राज्यानं अटी घातल्या, तर त्या केंद्राच्या परवान्याचा भाग होतात. धरण केंद्राच्या परवान्यावर चालतं, पण पाण्याबद्दल शेवटचा शब्द राज्याचा.

यावर कोर्टात भांडणं झाली, त्यातली दोन इथल्या उद्योजकांना ओळखीची वाटतील. मेन राज्यात एका कागद कंपनीची छोटी वीजधरणं होती. कंपनीचं म्हणणं, 'आम्ही पाण्यात काहीच टाकत नाही. नदीचं पाणी घेतो, टर्बाइनमधून फिरवतो, नदीला परत देतो. मग विसर्ग कसला?' २००६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, काही मिसळलं नाही तरी धरणातून पाणी सुटतं तो विसर्गच. त्याआधी १९९४ साली वॉशिंग्टन राज्यातल्या एका जलविद्युत प्रकल्पाच्या खटल्यात त्याच न्यायालयानं म्हटलं होतं की पाण्याची गुणवत्ता आणि पाण्याचं प्रमाण या दोन गोष्टी तोडता येत नाहीत. नदीत किमान किती पाणी सोडा, हीसुद्धा गुणवत्तेची अट होऊ शकते. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या माणसाला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. वाहतं पाणी नसलं की उरतं ते नुसतं सांडपाणी.

या अधिकाराला मुदतही आहे. अर्ज आल्यापासून जास्तीत जास्त एक वर्षात राज्यानं निर्णय द्यायचा, नाहीतर अधिकार गेला. क्लॅमथवर काय झालं बघा. परवान्याच्या नूतनीकरणासाठी कंपनीनं राज्यांकडे अर्ज केला होता. पण दरवर्षी मुदत संपायच्या आत कंपनी अर्ज मागं घ्यायची आणि तोच पुन्हा दाखल करायची. दोन्ही राज्यांना हे मान्य होतं, कारण बाजूला धरणं काढायच्या वाटाघाटी चालू होत्या. दहा वर्षांहून जास्त काळ हा खेळ चालला आणि धरणं जुन्याच अटींवर चालत राहिली. शेवटी हूपा व्हॅली या आदिवासी समाजानं दावा लावला. जानेवारी २०१९ मध्ये कोर्टानं ठरवलं की या राज्यांनी आपला हक्क स्वतःच सोडून दिला आहे. अर्ज नुसता पडून ठेवणं हासुद्धा एक निर्णय असतो, आणि त्याची किंमत नदी मोजते.

धरणं काढण्याचा अर्ज मात्र वेगळा होता. त्यावर ऑरेगननं २०१८ साली आणि कॅलिफोर्नियानं २०२० साली प्रमाणपत्र दिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय आयोगानं अंतिम मंजुरी दिली.

आता तपासलं काय? सगळ्यात मोठा मुद्दा गाळाचा. धरणांमागं एक कोटी घनमीटरच्या आसपास गाळ होता. बराचसा बारीक, त्यात मेलेलं शेवाळ मिसळलेलं. असा गाळ पाण्यात ढवळला गेला की पाण्यातला ऑक्सिजन खातो. म्हणजे भिंत पाडल्यावर पाणी काही काळ आधीपेक्षा वाईट होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मग संमती द्यायची कशाच्या जोरावर? राज्यांनी मांडलेला हिशोब असा: काही काळ मर्यादा ओलांडली जाईल हे मान्य, पण पुढं नदी कायमची सुधारणार आहे. मात्र तो काही काळ कोणता आणि किती, हे आम्ही ठरवणार. म्हणून अटी आल्या. जलाशय हिवाळ्यात, जानेवारीपासून रिकामे करायचे, कारण तेव्हा नदीला पाणी भरपूर असतं आणि माशांचं नुकसान त्यातल्या त्यात कमी होतं. पाण्याची सतत तपासणी करायची. उघड्या पडलेल्या जमिनीवर झाडोरा लावायचा.

जानेवारी २०२४ मध्ये जलाशय सोडले. नदी चॉकलेटी झाली. आयर्न गेटच्या खाली ऑक्सिजन काही वेळ जवळजवळ शून्यावर आला. मासे मेले. उघड्या पडलेल्या चिखलात हरणं रुतली. हॅचरीतून सोडलेली सामनची लाखो पिल्लं धरणाच्या बोगद्यातून जाताना दगावली. हे लपवण्यात अर्थ नाही, धरण काढणं म्हणजे उत्सव नव्हे. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला काम पूर्ण झालं, आणि काही दिवसांतच सामन मासे जुन्या धरणांच्या जागा ओलांडून थेट ऑरेगनात पोचले. वरच्या टप्प्यात कित्येक पिढ्यांनी ते पाहिले नव्हते.

दुसरं उदाहरण थोडक्यात. वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान काढली. खाली पोर्ट एंजेलिस नावाचं गाव. त्याचं पिण्याचं आणि कारखान्यांचं पाणी त्याच नदीतून. म्हणून भिंतीला हात लावायच्या आधी पाणी शुद्ध करायच्या नव्या सोयी बांधल्या. तरीही गाळ आणि पालापाचोळ्यानं पाणी घ्यायची जागा तुंबली आणि दुरुस्तीपर्यंत धरण काढायचं काम थांबवावं लागलं. एमआयडीसीनं यातून घ्यायची गोष्ट एकच: वर धरण हलतं, तेव्हा पहिला फटका खालच्या पंपाला.

आता घरी येऊ. आपल्याकडे असं काही आहे का? बहुतेकांना वाटतं, नाही. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण १९७४ चा जलप्रदूषण कायदा नीट वाचला. तुमचं संमतीपत्र येतं ते त्यातल्या कलम २५ आणि २६ मधून. त्याच्या अगदी शेजारी कलम २४ आहे. नदीत प्रदूषक पदार्थ सोडायला मनाई, असं ते सांगतं. मग काय केलं तर गुन्हा होत नाही, याची यादी देतं. नदीवर हक्कानं धरण बांधणं, ते राखणं हा गुन्हा नाही. नदीच्या प्रवाहानंच आणून टाकलेली वाळू, खडी, नैसर्गिक गाळ पुन्हा नदीत टाकणं हाही गुन्हा नाही. आणि चौथा मुद्दा असा: विहीर, तळं किंवा जलाशयात साठलेला गाळ नदीत जाऊ देणं हा गुन्हा नाही, पण राज्य मंडळाची संमती असेल तर!

म्हणजे जलाशयाच्या गाळाला राज्याची संमती लागते, ही कल्पना आपल्या कायद्यात पन्नास वर्षांपासून लिहिलेली आहे.

अडचण आहे ती पुढं. पहिली अडचण, तिसरा मुद्दा आणि चौथा मुद्दा शेजारी-शेजारी बसलेत. धरणाचा मालक म्हणेल, हा गाळ नदीनंच आणलाय, नैसर्गिक आहे, संमती कशाला? पण वर शहरं असतील, साखर कारखाने असतील, शेतातली औषधं वाहून येत असतील, तर तो गाळ निव्वळ नदीचा राहत नाही. दुसरी अडचण, त्या मुद्द्यात 'संमती' एवढाच शब्द आहे. गाळात काय तपासायचं, कोणत्या महिन्यात सोडायचा, खालच्या गावांना किती दिवस आधी सांगायचं, विहिरी खराब झाल्या तर जबाबदार कोण, हे तिथं लिहिलेलं नाही. तिसरी, मुदतीची. कलम २५ मध्ये मूळ तरतूद अशी की पूर्ण अर्ज केल्यावर चार महिन्यांत मंडळानं उत्तर दिलं नाही, तर संमती बिनशर्त दिली असं समजायचं. क्लॅमथचा धडा इथं आठवा.

एका श्रोत्यांनी मघाशी चिठ्ठी पाठवली: 'आपल्याकडे गाळ म्हणजे सोनं. तो नदीत सोडायचाच कशाला?' बरोबर आहे. घाणेवाडीच्या निजामकालीन तलावातला गाळ जालनेकरांनी काढला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना त्याच विचाराची. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. घाणेवाडी शहराच्या वरच्या अंगाला आहे. शहराच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या खालच्या बंधाऱ्यातला गाळ शेतात न्यायच्या आधीही तपासायलाच हवा. आणि मोठ्या धरणाचा गाळ पोकलेनला आवरण्यातला नसतो. भिंत काढायची वेळ आली, तर बराचसा नदीच नेणार.

म्हणून तीन गोष्टी आत्ताच मागता येतील, कुठलंही धरण पाडायच्या कितीतरी आधी. एक, मोठ्या जलाशयांच्या गाळाची ठरावीक वर्षांनी रासायनिक तपासणी व्हावी आणि आकडे लोकांसाठी खुले असावेत. दोन, कलम २४ मधल्या त्या संमतीला अर्जाचा नमुना, अटी आणि जनसुनावणी असावी. तीन, खालून पाणी घेणाऱ्या प्रत्येक योजनेला त्या सुनावणीत जागा असावी, मग ती नगरपालिकेची असो, एमआयडीसीची असो की ग्रामपंचायतीची.

तुमच्या ईटीपीच्या तोंडाशी जो नमुना घेतला जातो, त्याचा राग येतो, आम्हाला माहीत आहे. पण त्या बाटलीमागचा नियम सरळ आहे: खाली कुणीतरी हे पाणी पिणार आहे. कारखान्याला लागू असलेला हा नियम धरणाच्या भिंतीलाही लागू व्हावा, एवढंच आमचं म्हणणं.

उद्या वेळ मिळाला तर आपलं स्वतःचं संमतीपत्र काढून वाचा. आणि त्यानंतर कलम २४ वाचा, पान-दीड पानाचंच आहे.