बंदी विक्रीला, झुरक्याचे काय?

सांगली आणि मिरज या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर विश्रामबाग हा परिसर आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय येथे आहे, १९४७ साली सुरू झालेले आणि आज वालचंद यांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालयही येथेच आहे. या संस्थांच्या आधाराने वसतिगृहे, खाणावळी, शिकवणी वर्ग, चहाचे गाडे आणि पानटपऱ्या वाढत गेल्या, हे ओघानेच आले. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकू नयेत, असे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा सांगतो आणि हे अंतर कुंपणापासून सर्व दिशांनी मोजावे, असे नियम सांगतात. विश्रामबागेचा नकाशा पुढ्यात घेऊन प्रत्येक शाळा-महाविद्यालयाभोवती असे वर्तुळ कोणी काढू लागला, तर टपरीला उभे राहण्यास फारशी जागा उरणार नाही. तथापि, आता जी वस्तू तरुणांच्या खिशात शिरू पाहत आहे, तिला टपरीची गरजच नाही.

ही वस्तू म्हणजे ई-सिगारेट, अर्थात तरुणांच्या बोलीतील ‘व्हेप’. पेनाएवढ्या किंवा काडेपेटीएवढ्या नळीत विजेवर तापणारी तार असते, त्या तारेवर निकोटिन व सुवासिक द्रव्ये मिसळलेला द्राव तापतो आणि त्याचे तुषार छातीत ओढले जातात. २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने हे उपकरण आजच्या रूपात आणले. बाहेर सोडल्या जाणाऱ्या या पांढऱ्या ढगाला ‘नुसती पाण्याची वाफ’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते खरे नव्हे. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी रसायने आणि निकोटिन यांचे ते सूक्ष्म थेंब असतात. सिगारेटच्या धुरातील डांबर त्यात नसते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु शेजारी बसलेल्याच्या श्वासात निकोटिन जाते ते जातेच.

भारत सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा करून या उपकरणांचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर सरसकट बंदी घातली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी कडक तरतूद त्यात आहे. ही बंदी इतक्या सहजतेने का झाली, याचाही विचार करण्यासारखा आहे. सांगलीपासून फार दूर नसलेल्या निपाणीत १९८१ साली तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले होते आणि ते आंदोलन मोडण्यासाठी गोळीबार झाला. तंबाखूमागे शेतकरी आहे, विड्या वळणारी बाई आहे, व्यापारी आहे आणि सरकारी तिजोरीत पडणारा कर आहे. ई-सिगारेटमागे यांपैकी कोणीच नव्हते. म्हणून सिगारेट कायदेशीर आणि ई-सिगारेट बेकायदा, अशी विसंगती निर्माण झाली. ती विसंगतीच आहे, पण तेवढ्यावरून बंदी चुकीची ठरत नाही. मुलांच्या हाती एक नवे व्यसन पडण्याआधी दार लावणे, ते पडल्यानंतर पन्नास वर्षे समजूत घालीत बसण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

मात्र या कायद्यात एक पोकळी राहिली आहे. तो व्यापाराला शिक्षा सांगतो, झुरका घेणाऱ्याला स्वतंत्र शिक्षा सांगत नाही. व्यसनी माणसाला गुन्हेगार ठरवू नये, या दृष्टीने ते योग्यही आहे. उलट २००३ चा कायदा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करतो, पण त्याने केलेली ‘धूम्रपाना’ची व्याख्या तंबाखू ओढण्याची आहे. नळीतील द्रावात तंबाखूचे पान नसते. काटेकोर वाचले तर उपाहारगृहात बसून वाफ सोडणारा तरुण या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत बसतो. विक्रेता गुन्हेगार, माल बेकायदा, आणि शेजारच्या टेबलावरील लहान मुलाच्या तोंडावर ढग सोडणाऱ्याला काय म्हणावे, हे मालकालाही ठाऊक नाही.

अशा वेळी रीतीचा प्रश्न पुढे येतो. आपल्याकडे तंबाखूची रीत नव्हती असे नाही. पाहुण्यापुढे पानाचे तबक सरकवावे, चंचीतील तंबाखू आधी दुसऱ्याला द्यावी मग आपण मळावी, चिलमीला छापी लावून ती हातोहात फिरवावी, या सर्व गोष्टींना शिष्टाचार होता. वडीलधारे समोर आले की थोराड मुलगाही विडी पाठीमागे लपवी. परंतु हा संकोच कोणासाठी होता, हे पाहिले पाहिजे. तो वडिलांच्या मानासाठी होता, कोणाच्या फुप्फुसासाठी नव्हता. तोच मुलगा पुढे बाप झाला की तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन खुशाल विडी ओढीत असे, कारण लेकरू काही वडीलधारे नव्हते. घरातील स्त्रीलाही धुराबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नसे. जुन्या रीतीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिची ही बाजू विसरू नये.

हा अधिकार पुढे कायद्याने दिला, तोही टप्प्याटप्प्याने. १९८९ च्या रेल्वे कायद्यातील तरतूद फार बोलकी आहे. डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करू नये, असे ती सांगते. दंड शंभर रुपयांपर्यंत. म्हणजे आधी कोणीतरी तोंड उघडायचे. मिरजेहून विश्रामबाग, सांगली करीत पुण्याकडे जाणाऱ्या गर्दीच्या गाडीत मुलाला कडेवर घेतलेल्या बाईने चार अनोळखी पुरुषांना ‘विडी विझवा’ म्हणायचे. कागदावर अधिकार होता, पण तो बजावण्याचे धैर्य तिने आपल्या पदरचे आणावयाचे होते.

हे ओझे उतरवण्याचे श्रेय न्यायालयांना द्यावे लागेल. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध निर्णय दिला. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, सभागृहे आणि सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी ती कामाच्या ठिकाणांपर्यंत नेली व दंड दोनशे रुपयांपर्यंत ठेवला. या नियमांत एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. मनाईच्या पाटीवर तक्रार कोणाकडे करावी त्याचे नाव असले पाहिजे आणि तक्रार होऊनही मालक किंवा व्यवस्थापक स्वस्थ बसला, तर जितके गुन्हे तितका दंड त्याने भरावा. महाविद्यालयात हा अधिकार प्राचार्यांना दिलेला आहे. बोलण्याची जबाबदारी अशा रीतीने शेजाऱ्याकडून काढून जागेच्या धन्याकडे सोपवण्यात आली. दोनशे रुपयांचा धाक कोणाला वाटला असेल नसेल, पण ‘बाहेर जाऊन ओढा’ हे वाक्य वेटरसुद्धा बिनदिक्कत म्हणू लागला, हा बदल लहान नव्हे.

ई-सिगारेट हे ओझे पुन्हा शेजाऱ्याच्या माथी मारते. तिला काडी ओढावी लागत नाही, राख पडत नाही, थोटूक उरत नाही. धुराचा वास कपड्यांना लागून राही, म्हणून घरी आईला कळे आणि वसतिगृहात रेक्टरला कळे. येथे आंब्याचा नाहीतर स्ट्रॉबेरीचा वास येतो आणि दोन मिनिटांत विरतो. लपवण्यास संकोच लागतो, आणि जी गोष्ट लपवावीच लागत नाही तिच्याभोवती संकोच निर्माण होत नाही. वर्गाच्या मागच्या बाकावर, चित्रपटगृहाच्या अंधारात, एस.टी.च्या खिडकीशी ती ओढता येते. शेजाऱ्याने हरकत घेतलीच तर ‘हा धूर कुठे आहे?’ हे उत्तर तयार असते.

परदेशाचा दाखला येथे हमखास दिला जातो. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडवण्यासाठी डॉक्टर स्वतःच हे उपकरण सुचवतात, ही गोष्ट खरी आहे. तेथे १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत लागू झालेली धूम्रपानबंदी ई-सिगारेटला आपोआप लागू झाली नाही. त्यामुळे कोठे चालते, कोठे नाही, हे प्रत्येक दुकान, कचेरी आणि आगगाडी कंपनी आपापल्या पाटीने ठरवू लागली. तरी वापरून फेकण्याच्या ई-सिगारेटी मुलांत पसरल्यावर १ जून २०२५ पासून त्यांची विक्री तेथेही बंद करावी लागली. शिवाय इंग्लंडचा युक्तिवाद वीस सिगारेटी ओढणाऱ्या माणसासाठी आहे. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीनुसार प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू सेवन करीत होते, पण त्यांतील धूम्रपान करणारे एकूण प्रौढांच्या चार टक्क्यांच्या आसपासच होते. बाकीचे चुना-तंबाखू, मिश्री, मावा यांचे धनी. त्यांना या नळीचा काही उपयोग नाही. येथे ती धरणारा हात बहुधा अशा विद्यार्थ्याचा असतो, ज्याने विडीला कधी स्पर्शही केलेला नसतो. आणि परदेशी शिकणारा एखादा मुलगा सुटीत घरी येताना मित्रांसाठी ती घेऊन आला, तर तो बंदी असलेल्या मालाची आयात करतो, हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

करावयाचे ते फार अवघड नाही. सार्वजनिक जागेतील मनाईत विजेवरच्या सिगारेटीचा स्पष्ट उल्लेख येण्यासाठी व्याख्या दुरुस्त व्हावी, हे दिल्लीचे काम झाले. पण ते होईपर्यंत विश्रामबागेतील महाविद्यालयाला, वसतिगृहाला, अभ्यासिकेला किंवा उपाहारगृहाला आपल्या जागेचा नियम करण्यापासून कोणी अडवलेले नाही. धूम्रपानबंदीची पाटी साठ सेंटीमीटर लांब आणि तीस सेंटीमीटर रुंद असावी असे नियमात आहे. तिच्याखाली दुसरी एक ओळ रंगवण्यास मोठा खर्च येत नाही. आपल्या हद्दीत धूर आणि वाफ यांत भेद केला जाणार नाही, असे एकदा लिहून टाकले की वेटरला, वाहकाला आणि ग्रंथपालाला बोलता येईल, शेजाऱ्याला रसायनशास्त्राचा वाद घालावा लागणार नाही.

सापडलेल्या मुलाचे काय करावे, हा प्रश्न मात्र पाटीने सुटणारा नाही. वसतिगृहातून काढून टाकणे, घरी पत्र पाठवणे, चारचौघांत अपमान करणे हे आपल्या संस्थांचे ठरलेले उपाय. त्यांनी उपकरण गादीखाली जाते, निकोटिनची ओढ तशीच राहते. नळी काढून घ्यावी, ती कोणी विकली याची चौकशी पोलिसांनी विक्रेत्यापर्यंत न्यावी आणि मुलाला उपचाराची वाट दाखवावी. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ठेवलेला आहे. रेक्टरच्या खोलीबाहेरच्या फलकावर नियमांची यादी नेहमीच लावलेली असते, हा क्रमांकही तेथे लावता येईल.