पाचशे तास भरले, पण शिकलो काय? : फार्मसीच्या विद्यार्थ्यांचा ई-पोर्टफोलिओ

आज इथं खडकवासल्यात शिकवणारे आहेत तसे विद्यार्थीही आहेत, म्हणून दोघांच्याही ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करतो. डी. फार्म. च्या विद्यार्थ्याला पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यातले निदान अडीचशे तास चिठ्ठीवरून औषध देण्यात जायला हवेत. तास भरले, हे तारीख आणि सही-शिक्क्यावरून कळतं. त्या तासांत तो काय शिकला, हे मात्र शिक्का सांगत नाही.

जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय शिक्षणासाठी चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरोखर करणं. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्या तपासते, प्रात्यक्षिक तिसरी. चौथी पायरी असते दुकानाच्या काउंटरवर. तिथं परीक्षक नसतो. ई-पोर्टफोलिओ लागतो तो इथं.

म्हणजे काय, ते उदाहरणानंच बघू. समजा, सिंहगड रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये एक विद्यार्थिनी शिकते आहे. संधिवाताच्या एक आजी मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी घेऊन येतात. ही गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. लॉगबुकात नोंद होईल, ‘चिठ्ठी एक, औषध दिलं.’ पोर्टफोलिओत ती लिहील, ‘मी समजावलं, आजी हो म्हणाल्या. मग विचारलं, कधी घेणार? तर म्हणाल्या, रोज जेवल्यावर. पुन्हा सांगितलं, पाकिटावर वार लिहिला. आता दर वेळी पेशंटकडूनच वदवून घेते.’

शिकणं दिसतं ते या नोंदीत. कॉलेजमधले सर ती त्याच आठवड्यात वाचतात आणि विचारतात, ‘सोबत फॉलिक ॲसिड होतं का? ते कोणत्या दिवशी घ्यायचं, सांगितलंस का?’ विद्यार्थिनी दुकानात आणि सर कॉलेजात असले तरी प्रशिक्षण चालू असतानाच सुधारणा होते. इलेक्ट्रॉनिक असण्याचा खरा फायदा हाच. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीतला फरकही समोर राहतो. ‘महारा’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर याचसाठी न्यूझीलंडमध्ये तयार झालं. त्या माओरी शब्दाचा अर्थच विचार करणं!

आता अडचण. प्रत्येक नोंदीला गुण दिले की मुलं छान-छान लिहितात आणि चुका गाळतात. चूक लपवायची सवय लागलेला फार्मासिस्ट पेशंटसाठी जास्त धोक्याचा. म्हणून माझा आग्रह असा: रोजच्या नोंदींना गुण नकोत, फक्त अभिप्राय द्या. शेवटी विद्यार्थ्यानं स्वतः पाच-सहा नोंदी निवडाव्यात. आधीच सांगितलेल्या निकषांवर दोन शिक्षकांनी त्या वेगवेगळ्या तपासाव्यात आणि त्यावर दहा मिनिटं तोंडी विचारावं. उसन्या नोंदी तिथं लगेच उघड्या पडतात.

एक पथ्य मात्र कायम पाळायचं. पेशंटचं नाव, फोन नंबर, चिठ्ठीचा फोटो पोर्टफोलिओत येता कामा नये.

सुरुवातीला मोठी यंत्रणा लागत नाही. आठवड्याला एक नोंद पुरे: काय घडलं, कुठं अडलो, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. आणि शिक्षकांनो, तिला उत्तर द्या. कोणी वाचत नाही हे मुलांना कळलं, की पोर्टफोलिओची पुन्हा जर्नल होते, एका रात्रीत उतरवून काढलेली!