झडती आपली होते, दारांची कोण घेणार?

नवरात्रातली कोणतीही संध्याकाळ आठवून पाहा. उल्हासनगरचे मैदान असो, अंबरनाथचे एखादे पटांगण असो किंवा बदलापूरमधला मोठा मंडप, प्रवेशद्वारावरचे दृश्य सारखेच असते. धातुशोधक चौकट उभी असते. तिच्यातून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ती 'टीं' करते आणि शेजारचा सुरक्षारक्षक 'चला, चला' अशी खूण करतो. पर्समध्ये एक नजर टाकली जाते, पाण्याची बाटली काढून घेतली जाते आणि आपण आत शिरतो. तपासणी झाली म्हणजे जागा सुरक्षित आहे, असे मनोमन धरूनच.

प्रत्यक्षात ही तपासणी एकाच गोष्टीची असते: आपण सोबत काय नेतो याची. मनोरंजनाच्या ठिकाणी झालेल्या आपल्याकडच्या मोठ्या दुर्घटना पाहिल्या, तर बहुतेक बळी कुणाच्या पिशवीतल्या वस्तूने गेलेले नाहीत. ते गेले धुराने, बंद दारांनी आणि गर्दीच्या रेट्याने. म्हणून दारावरची तपासणी काय करू शकते आणि काय नाही, हे सणांचा आणि कार्यक्रमांचा हंगाम सुरू होण्याआधी समजून घ्यायला हवे.

चौकट काय ओळखते?

धातुशोधक चौकटीत क्ष-किरण नसतात. तिच्या दोन्ही बाजूंच्या खांबांत तारांची वेटोळी असतात. त्यांतून सौम्य, बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यातून धातूची वस्तू गेली की त्या वस्तूत क्षणभर वीजप्रवाह निर्माण होतो, त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि यंत्राला तो बदल कळतो. त्यामुळे गर्भवती महिला आणि लहान मुले यांनी तिच्यातून जायला घाबरण्याचे कारण नाही.

हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र थोडी काळजी घ्यावी. चौकटीतून नेहमीच्या चालीने पार व्हावे, तिथे रेंगाळू नये किंवा खांबाला टेकून उभे राहू नये. हातातले यंत्र छातीवर धरून ठेवू नये, असे रक्षकाला आधीच सांगावे. पेसमेकरचे ओळखपत्र जवळ असले की वाद होत नाही. इन्सुलिन, दम्याचा इन्हेलर किंवा हृदयविकाराची गोळी लागणाऱ्यांनी औषधासोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत ठेवावी. ही औषधे दारात काढून ठेवायला लावणे धोक्याचे आहे, हे आयोजकांनीही रक्षकांना सांगून ठेवायला हवे.

महिलांची अंगझडती महिला रक्षकानेच आणि आडोशाला घ्यावी. महिलेची झडती महिलेनेच आणि शालीनता राखून घ्यावी, हे बंधन कायद्याने पोलिसांवरही आहे. महिला रक्षक नसेल, तर झडतीला नकार देऊन आयोजकांशी बोलण्यात गैर काही नाही.

सतत वाजणारी घंटा

चौकट धातू ओळखते, धोका ओळखत नाही. किल्ल्या, नाणी, पट्ट्याचे बक्कल, मोबाइल, बांगड्या, सगळ्यांना ती सारखाच आवाज देते. प्रत्येकाला वाजणारी घंटा थोड्याच वेळात कुणालाच ऐकू येईनाशी होते. रक्षकाचा कामचुकारपणा एवढेच त्याचे कारण नसते. माणसाच्या मेंदूची ती रीत आहे.

यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. चित्रांच्या गर्दीत ठरावीक वस्तू शोधण्याचे काम लोकांना दिले होते. निम्म्या चित्रांत ती वस्तू होती, तेव्हा शोधणाऱ्यांच्या नजरेतून सुमारे ७ टक्के वेळा ती सुटली. पण शंभरात एखाद्याच चित्रात ती ठेवली, तेव्हा चुकण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर गेले. वस्तू जितकी दुर्मीळ, तितकी ती नजरेतून निसटण्याची शक्यता जास्त. दिवसभरात हजार पिशव्या पाहणाऱ्या रक्षकाला त्यात एकही धोकादायक वस्तू सापडत नाही. त्याचे डोळे 'काही नसणारच' हे शिकून बसतात. यावर उपाय आहेत: रक्षकांची ठरावीक वेळाने अदलाबदल, बसायला जागा, पुरेसा प्रकाश, आणि मधूनच मुद्दाम ठेवलेली चाचणी वस्तू. बारा तास उभा असलेला एकटा रक्षक हा उपाय नव्हे.

दारातली रांग हाच धोका

आता साधा हिशेब करू. एका माणसाची तपासणी करायला दहा सेकंद धरले, तर एका चौकटीतून तासाला ३६० माणसे जातात. दोन चौकटींतून ७२०. कार्यक्रमाच्या आधीच्या तासाभरात दोन हजार लोक आले, तर आत गाणे सुरू होते तेव्हा १,२८० माणसे दाराबाहेर ताटकळत असतात. आवाज ऐकून मागचे पुढे सरकू लागतात. पुढच्यांना तर जायला जागाच नसते. म्हणजे तपासणी नीट करायची, तर दोन हजार लोकांसाठी निदान सहा रांगा हव्यात. त्या नसतील, तर दोनच गोष्टी होतात. तपासणी नावापुरती उरते किंवा दारात रेटारेटी होते.

४ जून २०२५ रोजी बेंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर हेच घडले. आयपीएल विजयाचा जल्लोष पाहायला आलेल्या गर्दीत प्रवेशद्वारांशी चेंगरून ११ जणांचा मृत्यू झाला. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर २३ जण गेले. ते ठिकाण करमणुकीचे नव्हते, पण गर्दीचे शास्त्र तेच.

चेंगराचेंगरीत माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात, असा समज आहे. अनेक मृत्यू उभ्याउभ्याच होतात. श्वास घेताना छातीचा पिंजरा फुगावा लागतो. चारही बाजूंनी दाब आला की तो फुगत नाही आणि काही मिनिटांत शरीरातला ऑक्सिजन घटतो. एका चौरस मीटरमध्ये चारपर्यंत माणसे असली, तर आपण आपल्या मर्जीने हलू शकतो. ही संख्या सहा-सातवर गेली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. एका टोकाला बसलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोहोचतो. अशा रेट्याने लोखंडी कठडे वाकल्याची उदाहरणे आहेत. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात २९ ऑक्टोबर २०२२ रोजी इतेवॉन भागातल्या एका उतरत्या, अरुंद गल्लीत असेच १५९ जण मृत्युमुखी पडले.

कर्जत लाइनवरचा प्रवासी इथे विचारेल, 'आम्ही तर रोज यापेक्षा दाटीत उभे असतो!' फरक असा की डब्यात मागून येणारा रेटा दाराशी थांबतो. मैदानाच्या फाटकावर किंवा जिन्यावर तो थांबत नाही. मागे उभ्या असलेल्या शेकडो लोकांना पुढे काय चालले आहे ते दिसत नाही आणि प्रत्येक जण थोडेथोडे ढकलत राहतो. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराची रांग लोकांना डोळ्यांपुढे आणता येईल. इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या या मंदिराचा गाभारा पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली आहे. तिथे एका वेळी किती जण उतरले, यावरच सारे अवलंबून असते. रांग दूरवर, टप्प्याटप्प्याने अडवली तरच दारातला दाब कमी राहतो.

धूर वाट पाहत नाही

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या पबना आग लागली. १४ जण दगावले, त्यांत बहुतांश महिला होत्या. बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक गेले. जादा खुर्च्या बसवल्याने बाल्कनीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग अडला होता. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जणांनी प्राण गमावले. त्यांत बहुतेक तिथलेच कर्मचारी होते.

या सर्व ठिकाणी ज्वाळांपेक्षा धुराने जास्त जीव घेतले. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके दुखते, मग गोंधळायला होते, पाय लटपटतात. बाहेर पडायचे कळत असूनही शरीर साथ देत नाही. फोम आणि कृत्रिम कापड जळाले, तर त्यात सायनाइड वायूचीही भर पडते.

वेळ किती मिळतो? अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे २० फेब्रुवारी २००३ रोजी एका नाइटक्लबमध्ये आतषबाजीमुळे भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० जण गेले. तपासात दिसले की साधारण दीड मिनिटात आत थांबणे अशक्य झाले होते. आणखी एक गोष्ट समोर आली. बाहेर पडायला इतर दारे असूनही बहुतेक लोक ज्या दाराने आत आले, त्याच दाराकडे धावले. तिथे कोंडी झाली. संकटात मेंदू ओळखीची वाट धरतो. दुसरे दार आधी पाहिलेले नसेल, तर त्या वेळी ते सापडत नाही.

मंडपाचे काय?

आपल्या तिन्ही शहरांत बरेच कार्यक्रम पक्क्या इमारतींऐवजी तात्पुरत्या मंडपात होतात. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या कार्यक्रमाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक जण मरण पावले. त्यांत बहुतेक मुले होती. तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक ब्यूरोची आयएस ८७५८ ही संहिता आहे. मंडपात कृत्रिम धाग्याचे कापड आणि दोर वापरू नयेत, सभोवती मोकळी जागा सोडावी, असे ती सांगते. स्वस्त आणि चकचकीत पडदे नेमके कृत्रिम धाग्याचेच असतात. जळताना ते वितळून थेंबांसारखे अंगावर पडतात.

पक्क्या जागांसाठी महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू स्थितीत असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यायचे असते. सभागृह बारशाला किंवा स्वागत समारंभाला ठरवताना आपण जेवणाच्या ताटाचा दर विचारतो, पार्किंग विचारतो. त्याच वेळी 'नमुना ब दाखवता का?' हेही विचारता येईल. हॉल ठरवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न विचारला, तर उत्तर तयार ठेवावेच लागेल.

आपली एका मिनिटाची तपासणी

रक्षकाने आपली झडती घेतली की आपण जागेची घ्यावी. त्याला एक मिनिट पुरते.

- आत शिरताच दुसरे दार शोधा. चित्रपटगृहात ते अनेकदा पडद्याच्या बाजूला असते. त्याला कुलूप, साखळी किंवा खुर्च्यांचा अडथळा असेल, तर व्यवस्थापकाला लगेच सांगा. हटवले नाही, तर बसू नका.
- सोबतच्या सगळ्यांना बाहेरचे भेटण्याचे ठिकाण सांगून ठेवा. लहान मुलांच्या खिशात पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा.
- आग किंवा धूर दिसला की व्हिडिओ काढत थांबू नका. वाकून, शक्य तितके जमिनीलगत बाहेर पडा, कारण गरम धूर वर जातो. लिफ्ट वापरू नका. स्वच्छतागृहात लपू नका.
- खांद्याला खांदे लागू लागले आणि आपल्या मर्जीने वळता येईना, तर तीच निघण्याची वेळ आहे. गर्दीशी झुंजू नका. दोन्ही हात छातीसमोर घ्या, म्हणजे श्वासाला जागा राहील. रेटा ओसरला की तिरपे कडेला सरका. लहान मूल उचलून घ्या. पडलेली चप्पल किंवा मोबाइल उचलायला वाकू नका.
- खाली पडलात आणि उठता येत नसेल, तर कुशीवर होऊन गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी डोके झाका.
- ११२ हा क्रमांक पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेसाठी एकत्र आहे. अग्निशमन दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हेही पाठ असावेत.

आयोजक मंडळांनाही एक विनंती. बाहेर पडण्याची दारे प्रवेशाच्या दारांपेक्षा कमी ठेवू नका. फुकट्यांना रोखण्यासाठी मागची फाटके कुलूपबंद करण्याची सवय सोडा. त्याऐवजी तिथे आतून सहज उघडणारी कडी आणि एक स्वयंसेवक ठेवा. अग्निशमन बंब येण्याच्या वाटेवर खाण्याच्या गाड्या लागणार नाहीत, हे पाहा. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या बाजाराच्या गल्ल्यांत ही वाट एरवीच निमुळती असते.

या नवरात्रात चौकट पुन्हा वाजेल आणि रक्षक पुन्हा 'चला, चला' म्हणेल. आत गेल्यावर पहिली फेरी धरण्याआधी एकदा मान वळवून दुसरे दार कुठे आहे ते पाहा आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही दाखवा.